आबाजीची चव

२ मार्च २०२५, रविवार
लोहारा, यवतमाळ

आलो एकदाचा. घाटंजीपासून खिडकीची जागा मिळाली. रस्ताभर पळस असा फुललेला, की जसे कोणी चुलीतले निखारे काढून रानात पसरून ठेवलेत. स्टँडवर अश्वजित मोटारसायकल घेऊन हजर होता. माझी पत्र्याची पेटी त्याने पुढे टाकीवर घेतली आणि गोणपाटात गुंडाळलेली विळी मी मांडीवर धरून मागे बसलो. तो म्हणे, बाबा, हे कायले आणलं, घरात चाकू काय कमी हायेत? मी म्हटलं, लेका, तुह्या लग्नाची आलू-वांगी हिच्यावरच चिरल्या गेली, हिले एकटी कशी टाकून येऊ?

घर छान आहे. समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मागे स्वयंपाकघर आणि बाजूला माझी खोली. खोलीला आतून कडी. उभ्या जन्मात मला माझी म्हणून कडी नव्हती. पंगतीच्या मांडवात झोपणाऱ्या आचाऱ्याला कसली आली कडी! मी दोनदा लावून पाहिली, दोनदा काढली. सूनबाई दीपा हसून म्हणाली, मामाजी, तुमचंच घर हाय, अजून लावून पाहा.

आणि उर्वशी! माझी नात, पहिलीत आहे. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे तिच्या तोंडून शब्द वाऱ्यासारखे निसटतात. आल्याबरोबर पेटी उघडायला लावली. पेटीत वर कपडे आणि तळाशी जयाचं हिरवं लुगडं. उर्वशीने नाक लावलं आणि म्हणे, आजीच्या लुगड्याले कपाटाचा वास येते. मी म्हटलं, नाही बापा, तो तुह्या आजीचाच वास हाय. जयाला जाऊन दोन उन्हाळे झाले, पण लुगड्यात ती आहे. मी रोज एकदा हुंगतो. लाज कशाची?

ही डायरी अश्वजितच्या कंपनीत नव्या वर्षाला मिळालेली. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. शुद्धलेखन त्याच भावात समजावं.

९ मार्च, रविवार

आठवडा कसा गेला कळलं नाही. अश्वजित आणि दीपा दोघंही एमआयडीसीत, एकाच कंपनीत. पहाटे उजाडता गाडी येते. फोन गेटवर जमा करावे लागतात म्हणे, सुट्टी होईपर्यंत हातात मिळत नाहीत. म्हणून तर मला बोलावलं. उर्वशीची सकाळची शाळा. तिला आणायचं, खाऊ घालायचं, सांभाळायचं आणि स्वयंपाक करायचा. माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

आज आलू-वांग्याची भाजी केली. उर्वशी ओट्यावर चढून बसली. तिला आमची रीत शिकवली: पळी तोंडाला लावायची नाही, तळहातावर एक थेंब घ्यायचा आणि मग चाटायचा. पंगतीचं अन्न उष्टं होऊ नये म्हणून आम्ही आचारी असंच करतो. खरं तर मला तेवढंही लागत नसे. झाकण उचललं की वाफेवरून मीठ कळायचं. घाटंजीकडे लोक थट्टा करत, देवरावचं नाक जिभेच्या आधी जेवून घेते.

शेजारच्या बसंतीबाईंकडे वाटीभर भाजी पाठवली. वाटी परत देताना म्हणाल्या, भाऊ, हे खाल्ल्यावर मले माह्या हातचं गोड लागन काय? आता रोज पाठवा नाहीतर माहं घर मोडते. मोठ्या मनाची बाई.

२० मार्च, गुरुवार

काल वरण खारट झालं. मला कळलंच नाही. दीपाने ताटात पाणी ओतून घेतलं. अश्वजित म्हणे, बाबा, हात घसरला काय? उर्वशीने मात्र तोंडातला घास सरळ थाळीत काढला. पोरांना खोटं बोलता येत नाही, ते बरंच आहे.

आज दुपारी एकट्याने परीक्षा घेतली. गूळ तोंडात धरला, तर मेण चघळल्यासारखा. ताक म्हणजे खडू कालवलेलं पाणी. हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला तर जीभ जळली, पण मिरचीची चव आली नाही. आग तेवढी आली. हिंगाची डबी नाकाशी नेली. काहीच नाही.

मग पेटी उघडून लुगडं हुंगलं. कापड. नुसतं कापड.

घडी घालून पेटी बंद केली.

२९ मार्च, शनिवार

अश्वजितने दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलसा पण समजावून सांगणारा. म्हणे, बाबा, जिभेवर चवीचे दाणे असतात, म्हातारपणी ते गळतात, नवे पुरे येत नाहीत. आधी खारट आणि गोड जाते. अर्धी चव तर नाकातच असते आणि नाकबी म्हातारं होते. कानाचं, डोळ्याचं तसंच. बिमारी नाही, वय हाय. गोळ्या दिल्या.

मी विचारलं, परत येईल काय? तो म्हणे, जेवढं हाय तेवढं सांभाळा.

येताना अश्वजित म्हणे, बाबा, तुम्ही आता स्वयंपाकाचं टेन्शन घेऊ नका, दीपा पाहून घेईन. चांगल्या मनाने म्हणाला. पण मला वाटलं, गाडी थांबवावी आणि इथेच उतरावं.

४ एप्रिल, शुक्रवार

युक्ती सापडली. उर्वशीच आता माझी जीभ. तिच्या तळहातावर थेंब द्यायचा आणि विचारायचं, मीठ बरोबर हाय का? ती डोळे मिटून मोठ्या आचाऱ्यासारखी मान हलवते, म्हणते, आबाजी, चिमूटभर अजून. पोट्टी हुशार आहे. मात्र तिचं माप तिच्या वयाचं. सगळंच गोडाकडे झुकतं.

संध्याकाळी विहाराच्या समितीचे लोक आले. चौदा तारखेला जयंतीचं भोजनदान, सगळी वस्ती जेवणार. भाजी तुमच्या हातची पाहिजे म्हणाले. माझं नाव कोणी सांगितलं? बसंतीबाईंनी! मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो. दीपा काळजीने पाहत होती. अश्वजितचा चेहरा मात्र असा फुलला, की माघार घ्यायची सोय राहिली नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी उर्वशी तेलाच्या रिकाम्या डब्याशी खेळत होती. पत्र्याची धार तिच्या बोटाला लागली. रडू लागली. मी धावलो आणि कोणीही आजा करील तेच केलं, तिचं बोट तोंडात धरलं.

आणि मला मीठ लागलं.

किती दिवसांनी! जिभेच्या कडांना, बरोबर जिथे लागायला पाहिजे तिथे. मी थुंकायला मोरीकडे गेलो आणि थांबलो, कारण मोरीचा वास आला. मग साबणाचा. मग बाहेरच्या निंबाच्या मोहराचा, कडवट-गोड, खिडकीतून आत येत होता. इतके दिवस येतच असणार. कढईत वांगी होती, त्यांना चिंच कमी आहे हे मला मोरीपासूनच कळलं. मी घरभर हिंडलो. हिंग, रॉकेल, ज्वारीचं पीठ. शेवटी पेटी उघडली.

जया होती. अगदी होती. हळकुंड, चुलीचा धूर आणि तिच्या केसांचं तेल. मी लुगड्यात तोंड घालून लहान पोरासारखा रडलो.

उर्वशीच्या बोटाला पट्टी बांधली. आपलं दुखणं विसरून ती मलाच विचारत होती, आबाजी, काहून रडता? मी आनंदात होतो, बोलून गेलो, अव पोट्टे, माही चव तुह्या बोटात लपून बसली होती!

ती इतकी हसली की पडलेल्या दातांच्या फटीतून थुंकी उडाली.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी उठलो तर सगळं गेलेलं. नुसतं गेलं नाही, आधीपेक्षा खाली गेलं. आता मिरचीची आगही लागत नाही. चहा गरम की गार, ओठांना कळत नाही. उर्वशी पाठीमागे उभी राहून हाका मारत होती. मला तिच्या येण्याचाही पत्ता नव्हता.

योगायोग असेल. म्हातारपणात होतं असं. काल वाटलं असेल नुसतं.

पट्टी बांधलेलं बोट पुढे करून ती म्हणे, आबाजी, चव संपली? मी तिला रागावलो. पहिल्यांदाच. तिचा चेहरा एवढासा झाला.

१४ एप्रिल, सोमवार

भाजी उत्तम झाली. लोकांनी पुन्हा पुन्हा मागितली. समितीच्या अध्यक्षांनी माइकवरून माझं नाव घेतलं, शाल दिली. दीपा रडली, अश्वजितने माझ्या पायाला हात लावला.

कशी झाली ते लिहायचं नव्हतं. पण खोटी डायरी लिहून काय करू?

मांडवात मोठ्या गंजाशी, भाजीच्या पातेल्याशी, उभा होतो. मसाला पडला होता, मीठ टाकायचं होतं आणि मला कळत नव्हतं की समोर भाजी आहे की गरम चिखल. मागे वस्तीचे लोक. उर्वशीला हाक मारली, थेंब दिला. ती म्हणे, आबाजी, मले नाही समजून राह्यलं, लय तिखट हाय. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बोटाची पट्टी सोडली, खपली नखाने काढली आणि बोट वर धरलं. म्हणे, घ्या, लवकर.

मी इकडे तिकडे पाहिलं. कोणी पाहत नव्हतं.

एवढंच.

१८ एप्रिल, शुक्रवार

ते अर्ध्या दिवसावर टिकलं नाही. आणि पुन्हा आणखी खाली. प्रत्येक वेळी विहिरीत एक पायरी उतरल्यासारखं होतं. वर येतो तेव्हा क्षणभर लख्ख ऊन, आणि परत पडतो तो आधीच्या पायरीच्या खालीच. डाव्या कानाने ऐकू येत नाही. डोळ्यांपुढे सगळं दुधाच्या सायीतून पाहिल्यासारखं. भाकर तव्यावर करपली, धुराने घर भरलं. बसंतीबाई धावत आल्या तेव्हा मी तिथेच उभा होतो, तव्याजवळ. म्हणाल्या, अव माय, भाऊ, नाक कुठं गहाण ठेवलं? नंतर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसणं आवरलं.

जेवत नाही म्हटलं तरी चालेल. मातीचा गोळा कसा गिळायचा?

ते एकच आठवत राहतं. मीठ. कोमट.

लिहितानाही आठवतं. लिहायला नको होतं.

२२ एप्रिल, मंगळवार

विळी माळ्यावर टाकली, डब्यांच्या मागे. घरातल्या पिना, ब्लेड, दाढीचं सामान सगळं एका पिशवीत बांधून वर ठेवलं. कारण उर्वशीच्या दुसऱ्या बोटाला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणे, बाभळीचा काटा लागला. अंगणात बाभूळ नाही.

पट्टी तिने पाठीमागे लपवली नाही. उलट माझ्यासमोर धरली. मी पाहीन म्हणून वाट पाहत होती.

मी अंगणात निघून गेलो. उन्हात उभा राहिलो. ऊन लागलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

अश्वजितला सांगितलं. सगळं. जेवढं तोंडातून निघालं तेवढं. तो थकून आलेला, बूट काढता काढता ऐकत होता. म्हणे, बाबा, पोरीचं बोट तोंडात धरलं त्यात काय झालं, आम्हीबी धरतो. मी म्हटलं, तसं नाही रे, मले तिच्यापासून दूर ठेव, मले गावाले नेऊन सोड. तो हसला. मग हसायचा थांबला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, डॉक्टर बोलला होता, या वयात मन खचते. तुमच्याशिवाय आमचं कसं होईन? शाळेले सुट्ट्या लागून राह्यल्या. पोट्टीले कोणापाशी ठेवू?

दीपाने दूध-भात कालवून दिला. मामाजी, दोन घास तरी खा म्हणाली. तिच्या हाताला मी काय सांगू? किती प्रेमाची माणसं आहेत माझी. त्यांनी दोन शिव्या घालून हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल

सुट्ट्या लागल्या. दिवसभर आम्ही दोघंच.

ती माझ्या अंगाशी येऊन बसते. आजा आहे, कुठे बसणार? मी उठून दुसरीकडे बसतो. ती तिथे येते. मी आजारी आहे आणि औषध तिच्याजवळ आहे, असं तिला वाटतं. डॉक्टर-डॉक्टर खेळते. बोट पुढे करते. मी नाही म्हटलं की रडते, म्हणे, तुम्ही पह्यलेसारखे हसत काहून नाही?

मी झोपेत असताना तिने बोट माझ्या ओठाला लावलं होतं. दुपारी. जाग आली ती चवीने.

मी जागा होतो की नव्हतो — मी लगेच सोडलं नाही.

१ मे

आज सगळे घरी. सुट्टी. वाचलो.

बसंतीबाई लग्नाला पुसदला चालल्या. पोळी दिली. म्हणाल्या असतील काहीतरी, ओठ हलले. त्यांच्या घराला कुलूप. मी त्यांचा पदर धरला, म्हटलं, पोट्टीले सोबत न्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. किंवा मी मोठ्याने बोललोच नाही. माझाच आवाज मला येत नाही.

३ मे

दोन दिवस धरून आहे. खोलीची कडी लावून बसतो. ती टीव्ही पाहते. दाराच्या फटीतून तिची सावली दिसते.

पाण्यालाही चव असते. ती गेल्यावर कळलं.

लुगडं छातीशी धरून बसतो. जया, काही तरी सांग.

५ मे

सकाळ. दीपाने भेंडी चिरून ठेवली. चाकूने होत नाही म्हणून माळ्यावरून विळी काढली. मला खुणेने दाखवलं, मामाजी, किती धार हाय अजून! कौतुकाने. ते दोघं गेले. विळी ओट्याखाली. उचलायला वाकलो तर उर्वशी माझ्या अगदी जवळ — तिच्या गळ्याचा तो ठोका, कातडीखालचा, तो मला दिसला. डोळ्यांत साय आहे आणि तेवढंच स्वच्छ दिसलं.

विळी तिथेच राहिली. मी खोलीत पळालो. कडी लावली.

५ मे, दुपार

विळी बाहेर आहे. पोरगी बाहेर आहे. मी आत.

उघडून विळी उचलून आणावी. पण उघडलं तर मी पण बाहेर.

अश्वजितला फोन लावला. लागला की नाही कळत नाही. गेटवर असेल. तरी ओरडलो त्यात. खिडकीतून ओरडलो. रस्त्यावर ऊन आहे, माणूस नाही. बसंतीबाईंचं कुलूप दिसतं.

पेन हातात आहे तोवर हात कडीकडे जात नाही. म्हणून लिहितो. लिहीत राहतो.

काही ऐकू येत नाही. शांत आहे की मीच —

वास.

वास येतो आहे. मला. ओल्या लोखंडी पळीचा. पळी नाही ती. मला माहीत आहे काय ते.

दाराखालून.

निंबाचा पण येतो. लुगड्याचा येतो. जया आली. सगळं परत येतं आहे, कान पण. पंखा ऐकू येतो. टीव्हीतलं गाणं. आणि ती — दाराशी — बारीक आवाज — रडत नाही ती, सांगते आहे —

आबाजी, आज लय हाय. सांडून राह्यलं. दार उघडा न जी.

उर्वशी बेटा हात वर धर, घट्ट दाब, फडकं — सांगितलं मी, ओरडलो. ती म्हणे, नाही, मंग तुमाले कमी पडन.

उघडलंच पाहिजे. बांधायला. उचलून दवाखान्यात न्यायला. दुसऱ्या कशाला नाही. बांधायलाच. माझं लेकरू आहे ते. लुगड्याची चिंधी फाडली आहे, हातात आहे. बांधायलाच.

आवाज बारीक होऊन राह्यला.

कडी काढतो. तोंडाला पाणी सुटलं आहे. तथागता, माझ्या तोंडाला पाणी